टनभर गारवा

कोलकात्याच्या पूर्वेस, राजारहाटच्या बाजूला, विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत भातशेती होती, बांबूची बने होती आणि माशांची तळी होती. १९९९ साली पश्चिम बंगाल सरकारने ‘हिडको’ या नावाने ओळखले जाणारे महामंडळ स्थापन केले आणि त्याच्या हातून या पाणथळ सपाटीवर ‘न्यू टाउन’ नावाचे आखीव नगर उभे राहिले. रुंद रस्ते, काचेच्या कचेऱ्या, दहा-दहा, वीस-वीस मजल्यांच्या गृहसंकुलांच्या रांगा आणि २०१२ साली खुले झालेले ४८० एकरांचे विस्तीर्ण उद्यान, असे त्या नगराचे आजचे रूप आहे. या नगरात नवे बिऱ्हाड मांडणाऱ्या कुटुंबापुढे पहिल्याच चैत्र-वैशाखात एक प्रश्न उभा राहतो. घरात वातानुकूलन यंत्र घ्यावयाचे, ते कोणते? खिडकीत बसणारे एकसंध यंत्र, की आत-बाहेर अशा दोन भागांत विभागलेले? साधे, की इन्व्हर्टरचे? की नुसत्या पाण्याच्या कूलरवर भागेल? दुकानाची पायरी चढताच मात्र या साऱ्या प्रश्नांच्या आधी एक वेगळाच प्रश्न समोर येतो. दुकानदार विचारतो, “किती टनाचे पाहिजे? एक, की दीड?”

यंत्राचे वजन तर जेमतेम अर्धा क्विंटल. मग हा टन कशाचा? गिऱ्हाईक सहसा विचारीत नाही आणि दुकानदारही सांगत नाही. हा टन बर्फाचा आहे. दोन हजार पौंड, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता तेवढ्याच वेळात खोलीबाहेर काढणारे ते एक टनाचे यंत्र. आजच्या मापाने ही शक्ती साडेतीन किलोवॉट भरते. वाफेचे एंजिन आले तेव्हा लोकांना घोड्याची ताकद ठाऊक होती, म्हणून एंजिनाला ‘अश्वशक्ती’ मिळाली. शीतयंत्रे आली तेव्हा लोकांना बर्फाचा व्यापार ठाऊक होता, म्हणून त्यांना टन मिळाला. घोडे गेले, बर्फाची गलबते गेली. शब्द मात्र राहिले. आणि न्यू टाउनच्या दुकानात उच्चारल्या जाणाऱ्या या एका शब्दामागे कलकत्त्याचाच दोनशे वर्षांचा इतिहास उभा आहे.

उष्ण देशात गारवा मिळविण्याची खटपट अर्थात त्याहूनही जुनी. अकबराच्या आबदारखान्यात सोऱ्याच्या द्रावणात सुरया फिरवून पाणी थंड करीत आणि दरबार लाहोरास गेल्यावर उत्तरेच्या डोंगरांतून बर्फ येऊ लागले, असे अबुल फजलने ‘ऐन-इ-अकबरी’त नोंदविले आहे. बंगालमध्ये तर हिमालयावाचूनही बर्फ पिकवीत. थंडीच्या दिवसांत मोकळ्या मैदानात उथळ खड्डे खणावयाचे, त्यांत उसाची चिपाडे किंवा पेंढा अंथरावयाचा आणि त्यावर मातीच्या सच्छिद्र, उथळ परळांतून पाणी ठेवावयाचे. आकाश निरभ्र असले आणि वारा पडलेला असला, म्हणजे पाण्यातील उष्णता रात्रीच्या आकाशाकडे निघून जाई, काही बाष्पीभवनाने जाई आणि हवा गोठणबिंदूच्या वर असतानाही पहाटे परळांवर बर्फाची पातळ साय धरे. रॉबर्ट बार्कर या इंग्रज अधिकाऱ्याने १७७५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे या कृतीचे तपशीलवार वर्णन ठेवले, तेव्हा तिकडच्या पंडितांनाही नवल वाटले. हुगळीच्या बाजूने येणारे हे बर्फ अर्धवट पाणी झालेले, गढूळ आणि महाग असे. तरीही कलकत्त्याचे साहेबलोक ते आवडीने घेत. कारण दुसरे मिळतच नव्हते.

दुसरे मिळाले ते १८३३ साली. बोस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर याने १८०६ पासून वेस्ट इंडीज बेटांना न्यू इंग्लंडच्या तळ्यांतील बर्फ विकण्याचा उद्योग चालविला होता. लोकांनी त्याला वेड्यात काढले, कर्जापायी तुरुंगाची वारीही त्याला घडली. पण त्याने धंदा सोडला नाही. १२ मे १८३३ रोजी त्याचे ‘टस्कनी’ नावाचे जहाज १८० टन बर्फ घेऊन बोस्टनहून कलकत्त्यास निघाले. चार महिन्यांचा प्रवास, वाटेत दोनदा विषुववृत्त ओलांडावयाचे आणि माल असा की, वेळ जाईल तसा पाणी होणारा! सप्टेंबरमध्ये जहाज हुगळीच्या मुखात शिरले, तेव्हा सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होते. सरकारने त्यावरील जकात माफ केली आणि उन्हाची धग टाळण्यासाठी माल रात्री उतरविण्याची मुभा दिली. गव्हर्नर-जनरल लॉर्ड बेंटिंक याने ट्यूडरचा भागीदार रॉजर्स याला चांदीचा चषक नजर केला. हे बर्फ काचेसारखे स्वच्छ होते आणि हुगळीच्या बर्फापेक्षा स्वस्त पडत होते. ते साठविण्यासाठी शहरातील सधन लोकांनी वर्गणी जमविली आणि जाड भिंतींचे बर्फघर उभे राहिले.

पुढच्याच वर्षी हे बर्फ मुंबईसही पोहोचले. जमशेटजी जिजीभॉय यांनी आपल्या मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम दिले आणि यजमानासह पाहुण्यांना पडसे झाले, अशी बातमी तेव्हाच्या वृत्तपत्राने मोठ्या चवीने छापली. मुंबईतही वर्गणीतून बर्फघर झाले. मद्रासेत समुद्रकिनाऱ्यावर बांधलेले बर्फघर तर आज विवेकानंदांचे स्मारक म्हणून उभे आहे. तिकडे अमेरिकेत वॉल्डन तळ्याकाठी राहिलेल्या हेन्री डेव्हिड थोरोने १८५४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात, आपल्या विहिरीचे पाणी कलकत्त्याचे लोक पिणार, या कल्पनेशी कौतुकाने खेळून घेतले. सुमारे अर्धशतक हा व्यापार चालला. १८७८ साली कलकत्त्यात बंगाल आइस कंपनी निघाली, वाफेच्या यंत्रांनी तेथेच बर्फ तयार होऊ लागले आणि बोस्टनच्या गलबतांची वाट पाहण्याचे कारण उरले नाही.

परंतु बर्फाने पेला गार होतो, सुरई गार होते, तापकऱ्याचे कपाळ गार होते. खोली गार होत नाही. खोलीसाठी त्या काळी तीन उपाय होते आणि आजच्या निवडीची मुळे या तीन उपायांत आहेत.

पहिला उपाय म्हणजे घर. उंच छत, दोन हात जाडीच्या भिंती, दक्षिणेस खोल ओसरी, हिरव्या झडपांच्या खिडक्या, असा कलकत्त्याचा जुना वाडा ऊन बाहेरच्या बाहेर थोपवी. महाराष्ट्रातील चौसोपी वाड्याने चौक, ओटा आणि पांढऱ्या मातीच्या भिंती यांच्या साहाय्याने हेच साधले होते. ज्यांना तेवढ्याने भागत नसे आणि सत्ता हाती होती, ते गावच बदलीत. महाबळेश्वरास १८२८ पासून माल्कमच्या पुढाकाराने मुंबई इलाख्याचे थंड हवेचे ठाणे वसू लागले. आणि १८६४ साली हिंदुस्थान सरकारने सिमल्यास अधिकृत उन्हाळी राजधानी केले. गारवा आपल्याकडे येत नसेल, तर आपण गारव्याकडे जावे, हा तो विचार. तो परवडणाऱ्यांची संख्या फारच थोडी होती, हे सांगावयास नको.

दुसरा उपाय वाळ्याची ताटी. दारा-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावावयाच्या, भिस्त्याने त्यांवर पखालीने पाणी मारीत राहावयाचे. तापलेला पश्चिमवारा त्यातून आत शिरताना पाण्याची वाफ होई आणि वारा सुगंधी व गार होऊन खोलीत येई. वारा नसेल तेव्हा हाताने फिरवावयाच्या चाकाचा पंखा लाकडी पेटीत बसवून, पेटीच्या बाजूंना ताट्या लावीत. ‘थर्मँटिडोट’ असे भारदस्त नाव धारण करणारे हे यंत्र एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अलाहाबादेकडच्या बंगल्यांत दिसू लागले. आज नागपूर, अकोला, चंद्रपूर येथील खिडक्यांबाहेर उन्हाळ्यात जो पत्र्याचा कूलर घरघरत असतो, तो या पेटीचाच वंशज होय. माणसाच्या हाताच्या जागी विजेची मोटर आली, पखालीच्या जागी लहानसा पंप आला. ताट्या मात्र पुष्कळ ठिकाणी अद्याप वाळ्याच्याच आहेत.

नागपुरात इतका गुणकारी ठरलेला हा उपाय कोलकात्यात का चालू नये? याचे उत्तर एका साध्या प्रयोगात आहे. तापमापकाच्या गोळ्यावर ओले फडके गुंडाळून तो वाऱ्यात धरला, तर पाण्याची वाफ होताना पारा खाली उतरतो. तो जेथे थांबतो, त्याच्या खाली कोणतीही ओली ताटी हवेला नेऊ शकत नाही. वैशाखात नागपूरची हवा ४३ अंशांवर गेली आणि तिच्यात बाष्पाचे प्रमाण १५ टक्के असले, तर ओल्या फडक्याचा पारा २२-२३ अंशांपर्यंत उतरतो. चांगला कूलर मग २६-२७ अंशांची हवा खोलीत सोडू शकतो. कोलकात्यात पारा ३५ अंशांवरच असला, पण बाष्प ७० टक्के असले, तर ओले फडके ३० अंशांवर अडते. कूलरने फार तर चार अंश उतरतील आणि त्या मोबदल्यात खोलीतील हवा पाण्याने चिंब होईल. अंगावरचा घाम वाळणार नाही, गाद्यांना ओल येईल, भिंतींवर बुरशी धरेल. पश्चिमेकडून कोरड्या झळा येतात त्या थोड्या दिवसांत कोलकात्यातही कूलर चालतो. ३० एप्रिल २०२४ रोजी आलिपूरच्या वेधशाळेत ४३ अंशांची नोंद झाली, तो दिवस अशांपैकीच होता. पण बंगालच्या उपसागराचा दक्षिणवारा सुटला की त्याचा उपयोग संपतो. विदर्भातही मृगाचा पाऊस पडला की कूलर कुचकामी होतो, हा अनुभव तेथील प्रत्येक गृहिणीस आहे. नागपूरचे जून-जुलैमधील ते काही दिवस म्हणजे कोलकात्याचा जवळजवळ अर्धा उन्हाळा होय.

तिसरा उपाय पंखा. छतापासून टांगलेली लाकडी चौकट, तिला कापडाची झालर, चौकटीला बांधलेली दोरी भिंतीच्या भोकातून बाहेर गेलेली आणि दोरीच्या टोकाशी बसलेला पंखेवाला. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा झुलता पंखा कलकत्त्यात रूढ झाला. तो हवा गार करीत नाही. अंगावरचा घाम वाळवितो, आणि दमट हवेत तेवढेही मोठे सुख असते. परंतु हे सुख रात्रभर दुसऱ्याच्या दंडातून वाहत असे. आत साहेब निजे, बाहेर ओसरीवर पंखेवाला जागे. दोरी हाताने ओढून थकला की पायाच्या अंगठ्याला बांधी. पहाटे त्याचा डोळा लागला, पंखा थांबला की आतून शिवी येई, कधी बूट येई, कधी लाथ येई. अशा मारहाणीत पंखेवाले दगावल्याची आणि गोरा आरोपी किरकोळ शिक्षेवर सुटल्याची प्रकरणे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात न्यायालयांपुढे आली आणि देशी वृत्तपत्रांनी त्यांवर संतापाने लिहिले. गारव्याच्या इतिहासाचे हे पान विसरून चालणार नाही. कारण एकाच्या गारव्याची किंमत दुसरा कोणी देत असतो, ही गोष्ट त्या पानावर जितकी उघड दिसते तितकी पुढे कोठेच दिसत नाही. भिंतीच्या एका बाजूस वारा आणि दुसऱ्या बाजूस घाम; मध्ये फक्त एक दोरी.

१७ एप्रिल १८९९ रोजी कलकत्त्यात विजेचा सार्वजनिक पुरवठा सुरू झाला आणि ही दोरी तुटू लागली. विजेच्या पंख्याला झोप लागत नव्हती. पुढल्या दोन-तीन दशकांत कचेऱ्यांतून, मग सुखवस्तू घरांतून पंखेवाला नाहीसा झाला. त्याची लाथ चुकली, त्याबरोबर त्याची भाकरीही गेली. गारव्याची किंमत आता महिन्याच्या बिलावर आकड्यांनी लिहून येऊ लागली. ज्या कोळशावर ती वीज निघे, तो खणणारा माणूस मात्र दूर झरिया-राणीगंजच्या खाणीत होता. त्याच्यापर्यंत कोणतीही दोरी जाताना दिसत नव्हती.

हवेतले पाणी काढून घेणारे यंत्र याच सुमारास जन्मास आले, आणि तेही माणसासाठी नव्हे, तर कागदासाठी! न्यू यॉर्कमधील ब्रुकलिन येथे एका रंगीत छापखान्यात दमट हवेने कागद फुगे, सुकल्यावर आकसे आणि एका रंगावर दुसरा रंग नीट बसत नसे. विलिस कॅरियर या पंचवीस वर्षांच्या अभियंत्याने १९०२ साली त्यावर तोड काढली. गार नळ्यांच्या वेटोळ्यांवरून हवा खेळवावयाची; तिच्यातील बाष्प, गार पेल्याच्या बाहेर थेंब जमावेत तसे, नळ्यांवर जमते आणि निथळून जाते. ‘वातानुकूलन’ या अर्थाचा इंग्रजी शब्द १९०६ साली स्टुअर्ट क्रेमर याने वापरात आणला, तो कापडगिरण्यांच्या संदर्भात. तेथे गरज उलट होती. कोरड्या हवेत सूत तुटते, म्हणून हवेत बाष्प सोडावयाचे. मुंबईच्या गिरण्यांतूनही सुतासाठी हवा अशीच दमट ठेवीत. त्या दमट उकाड्यात कामगार दिवसभर भिजत उभा राही. कागदासाठी हवा कोरडी केली, सुतासाठी ओली केली. माणसाचा विचार या विद्येने सर्वांत शेवटी केला.

माणसाची पाळी आली ती नाटकगृहांतून. मुंबईचे रीगल चित्रपटगृह १९३३ साली उघडले, कलकत्त्याचे मेट्रो १९३५ साली, मुंबईचे मेट्रो १९३८ साली. या वातानुकूलित गृहांत काही आण्यांच्या तिकिटावर सामान्य माणसाने प्रथमच यंत्राचा गारवा अनुभवला. १९३४ साली मुंबईहून पेशावरकडे जाणाऱ्या फ्राँटियर मेलला गार हवेचा डबा जोडण्यात आला. त्या डब्याखालच्या पेट्यांत बर्फाच्या लाद्या भरीत, त्यांवरून पंख्याने हवा खेळवून आत सोडीत आणि वाटेतल्या स्थानकांवर लाद्या बदलीत. ट्यूडरचा टन असा पुन्हा एकदा प्रवासास निघाला होता!

खिडकीत बसविता येईल एवढे लहान यंत्र अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात तयार झाले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर घराघरांत गेले. भारतात मोहन टी. अडवाणी यांनी १९४३ साली मुंबईत ब्लू स्टार ही कंपनी काढली. १९५४ साली टाटा आणि स्वित्झर्लंडचे व्होल्कार्ट बंधू यांच्या भागीदारीतून व्होल्टास निघाली. आणि १९५८ साली पुण्याजवळ हडपसर येथे किर्लोस्कर न्यूमॅटिकचा कारखाना उभा राहिला, तेथे हवा दाबणारी आणि शीतकरणाची यंत्रे होऊ लागली. तथापि घरगुती यंत्र ही गोष्ट पुढे कित्येक वर्षे मोठा अधिकारी, मोठा व्यापारी आणि मोठा डॉक्टर यांच्यापुरतीच राहिली. मध्यमवर्गाच्या खिडकीपर्यंत ती पोहोचली ती शतक सरता सरता. म्हणजे राजारहाटच्या शेतांत न्यू टाउनच्या इमारतींचे पाये खणले जाऊ लागले, साधारण त्याच सुमारास.

आता त्या दुकानातील प्रश्नाकडे वळावयास हरकत नाही. खिडकीचे यंत्र हे सर्वांत जुन्या घडणीचे. त्याचे सारे अवयव एकाच पेटीत असतात. ते स्वस्त पडते, भाड्याच्या घरातून काढून दुसऱ्या घरी नेता येते, आणि त्यातील वायू कारखान्यातच भरून बंद केलेला असल्याने गळण्याचे भय थोडे. पण ते खिडकी अडविते आणि त्याची घरघर खोलीतच राहते. दोन भागांचे ‘स्प्लिट’ यंत्र जपानात १९६० नंतरच्या दशकात पुढे आले. हवा दाबणारा गोंगाट्या भाग बाहेर जातो, आत केवळ गार हवेची फुंकर राहते. मात्र दोन भागांना जोडणारी तांब्याची नळी घरी येऊन जोडावी लागते आणि जोडणाऱ्याचा हात कच्चा असेल, तर वायू हळूहळू निघून जातो. इन्व्हर्टरचे घरगुती यंत्र जपानात प्रथम विक्रीस आले ते १९८१ साली. साधे यंत्र पूर्ण वेगाने धावते आणि खोली गार झाली की थांबते, पुन्हा धावते, पुन्हा थांबते. इन्व्हर्टरचे यंत्र गरजेप्रमाणे आपला वेग कमी करून संथपणे चालत राहते. रोज आठ-दहा तास यंत्र लावणाऱ्या घरात त्याची जास्तीची किंमत विजेच्या बचतीतून भरून निघते. वर्षातून पंधरा दिवस लावणाऱ्याने तो खर्च करण्याचे प्रयोजन नाही.

दमट शहरासाठी एक इशारा मात्र विशेष ध्यानात घेतला पाहिजे. ‘मोठे यंत्र ते चांगले’ ही समजूत तेथे घातक ठरते. यंत्र दोन कामे करते. हवा गार करणे हे एक आणि हवेतले पाणी काढणे हे दुसरे. शंभर-सव्वाशे चौरस फुटांच्या खोलीला साधारणपणे एक टन पुरतो, दीडशे-पावणेदोनशेच्या खोलीला दीड टन. लहान खोलीत दोन टनांचे साधे यंत्र बसविले, तर ते दहा मिनिटांत खोली गार करून थांबते. पाणी काढण्यास त्यास अवधीच मिळत नाही. खोली गार, पण ओलसर. चादर थंड, पण चिकट. योग्य मापाचे यंत्र सावकाश चालून दमट दिवसांत तासाला लिटरभर पाणी सहज बाहेर टाकते. न्यू टाउनमधील गिऱ्हाइकाने खरे म्हणजे गारव्यापेक्षा कोरडेपणाच विकत घ्यावयाचा असतो, आणि तो अंशांच्या आकड्यावर दिसत नाही. म्हणूनच यंत्र २५-२६ अंशांवर ठेवून जोडीला छताचा पंखा फिरविला, तर २० अंशांइतकेच सुख मिळू शकते. पारा एक अंश वर ठेवला, तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असा सरकारी ऊर्जा-दक्षता विभागाचा हिशेब आहे. १ जानेवारी २०२० पासून नवी यंत्रे सुरू होताना २४ अंशांवरच सुरू व्हावीत, असा नियमही झाला. यंत्रावरील ताऱ्यांचे लेबल २०१० पासून सक्तीचे आहे. मात्र ताऱ्यांची कसोटी वेळोवेळी कडक होत जाते, म्हणून तारे मोजताना लेबलावरील सालही पाहावे लागते.

येथवरची निवड शहाणपणाची झाली. परंतु इतिहास आणखी एक प्रश्न विचारतो. दोरीच्या दुसऱ्या टोकाशी आता कोण आहे?

यंत्र उष्णता नाहीशी करीत नाही. उचलून बाहेर ठेवते. दीड टनाचे यंत्र खोलीतील सव्वापाच किलोवॉट उष्णता काढताना स्वतः दीडएक किलोवॉट वीज खाते आणि या दोहोंची बेरीज, म्हणजे पावणेसात किलोवॉट उष्णता, बाहेरच्या हवेत सोडते. एका सदनिकेत अशी दोन यंत्रे, एका इमारतीत ऐंशी सदनिका. रात्री अकरा वाजता वारा पडलेल्या आवारात ही सारी धग उतरते. त्या आवाराच्या फाटकाशी पहारेकरी बसलेला असतो. पहाटे जवळच्या गावांतून धुण्याभांड्यासाठी येणाऱ्या बाया त्याच आवारातून आत येतात. त्यांच्या पत्र्याच्या घरांवर ना यंत्र असते, ना भिंतीची जाडी. दमट उष्मा हा केवळ त्रासाचा विषय नव्हे. ओल्या फडक्याचा पारा ३५ अंशांवर गेला, तर सावलीत बसलेल्या धडधाकट माणसाचेही शरीर स्वतःला गार करू शकत नाही. आणि त्याच्या पुष्कळ खालीच म्हाताऱ्यांना व अंगमेहनत करणाऱ्यांना धोका सुरू होतो. म्हणून कोलकात्यासारख्या शहरात वातानुकूलनास चैन म्हणून हिणविणेही न्यायाचे नाही. आजाऱ्याच्या, तान्ह्या मुलाच्या खोलीत ते औषध असते. ज्याला ते मिळत नाही, त्याच्या वाट्याला त्याची धग तेवढी येते, ही खरी अडचण आहे.

यंत्रातील वायूचीही अशीच कथा. १९३० च्या आसपास निघालेला फ्रीऑन निर्धोक म्हणून गाजला आणि पृथ्वीवरचे ओझोनचे छत्र तो विरविरीत करतो, हे अर्धशतकाने कळले. १९८७ च्या माँट्रिऑल कराराने त्या जातीच्या वायूंना आळा बसला. त्यांच्या जागी आलेले वायू पृथ्वी तापविणारे निघाले, म्हणून २०१६ साली किगालीस पुन्हा करार करावा लागला आणि २०२१ साली भारताने त्यास मान्यता दिली. महाराष्ट्रात शिरवळच्या कारखान्यात गोदरेजने २०१२ पासून प्रोपेन वायूवर चालणारी यंत्रे केली. त्या वायूचा हा दोष नगण्य आहे. तो ज्वालाग्राही असल्याने त्याचे माप थोडे ठेवावे लागते व यंत्र बसविणारा माणूस शिकलेला लागतो. दुकानात टन आणि तारे विचारताना वायूचे नाव विचारणारे गिऱ्हाईक क्वचितच आढळते. वस्तुतः तेही लेबलावर लिहिलेले असते.

शेवटी पुन्हा पहिल्या उपायाकडे, म्हणजे घराकडे, यावे लागते. पश्चिमेच्या काचेवर बाहेरून सावली, गच्चीवर पांढरा लेप, समोरासमोर उघडणाऱ्या खिडक्या, एवढे जरी झाले, तरी दीड टनाची गरज एका टनावर येऊ शकते. ही कामे मात्र एकट्या सदनिकेची नसतात. गच्ची सर्वांची, आवार सर्वांचे. बाहेरचे यंत्र कोणत्या भिंतीस लावावयाचे, हेही सर्वांनी मिळून ठरवावयाचे असते. पहारेकऱ्याच्या खोलीला छतावर सावली आणि आत चांगला पंखा द्यावयाचा की नाही, हेही त्याच सभेत ठरते.

१८३३ साली ‘टस्कनी’ने चार महिने समुद्र कापून जे शंभर टन बर्फ कलकत्त्यास पोहोचविले, तेवढ्या बर्फाचा गारवा न्यू टाउनच्या एका शयनगृहातील दीड टनाचे यंत्र अखंड चालविल्यास दोन-अडीच महिन्यांत सहज देते. त्या बर्फासाठी गव्हर्नर-जनरलने चषक दिला होता आणि गावाने वर्गणी काढून सर्वांसाठी एक घर बांधले होते. त्या ‘सर्वां’त तेव्हा मूठभरच माणसे मोडत होती; ओसरीवरचा पंखेवाला त्यांत नव्हता. आजच्या सभेच्या नोंदवहीत फाटकावरचा माणूस मोडतो की नाही, हे प्रत्येक गृहसंकुलाने वैशाख लागण्यापूर्वी ठरवावयाचे आहे.